पाचशे रुपयांचं शुद्धिपत्र

माझी स्कूटर पांढरी आहे. निदान घेतली तेव्हा होती. चलनाच्या फोटोत काळी मोटारसायकल होती. टाकीवर वाघाचं स्टिकर, आणि वर बसलेल्या पोराच्या दंडावर त्रिशूळ गोंदलेलं. माझं वय एकोणसाठ. अंगावर गोंदण नाही, डोक्यावर केसही फारसे उरलेले नाहीत. तरी सिग्नलला थांबारेषा ओलांडली म्हणून पाचशे रुपये भरा, असा निरोप आला तो माझ्याच मोबाइलवर, माझ्याच गाडीच्या नंबराने.

मी मुद्रितशोधक आहे. तीस वर्षं लोकांच्या चुका शोधून त्यावर घर चालवलंय. त्यामुळे फोटो बोटांनी मोठा केला आणि घोळ कुठे झालाय ते दोन मिनिटांत सापडलं. त्या पोराच्या नंबरप्लेटवरचा पहिला आकडा आठ होता, पण इतका नक्षीदार आणि डावीकडून उघडा ठेवलेला, की कॅमेऱ्याने तो तीन वाचला. माझ्या गाडीचा पहिला आकडा तीन. पुढचं सगळं सारखं. आपल्याकडे ४१४१ हा नंबर मिळाला की तो 'दादा' वाचला जाईल असा वळवून घेतात, ८०५५ चा 'बॉस' करतात. नियमात हे बसत नाही, पण ही हौस भागवून देणारे पेंटर गावोगाव आहेत. हौस त्याची, चलन माझं.

घरी, कट्ट्यावर, छापखान्यात, जिथे सांगितलं तिथे एकच सल्ला मिळाला: भरून टाका. मुलगा म्हणाला, "बाबा, पाचशेच तर आहेत. तुमचा एक दिवस त्याहून महाग पडतो." खालच्या मजल्यावरच्या काकांनी अपेक्षेप्रमाणे 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ऐकवलं. ही म्हण ज्याने पाडली त्याच्या काळी पायरी चढायची की नाही हे माणसाच्या हातात होतं. आता पायरीच एसएमएसवर बसून घरी येते.

मी पैसे भरले नाहीत. याआधी चार चलनं मुकाट्याने भरली होती, कारण चारही बरोबर होती. त्यातलं एक हेल्मेट हँडलला अडकवून गाडी चालवल्याचं. तिथे वाद घालायला तोंडच नव्हतं. हे पाचवं चूक होतं म्हणून नाही भरलं, इतकं साधं. पण त्या एका 'नाही'पायी जे काही महिने गेले त्यांत माझं एक मत पक्कं झालं. कॅमेऱ्यांचा हा सगळा कारभार नीट चाललाय का, हे तपासणारं आज दुसरं कोणी नाही. ज्याच्या नावावर चूक चलन फाटलं तो माणूस स्वतः कोर्टात उभा राहिला, तरच ती तपासणी होते. आणि त्याने उभं राहूच नये अशी सोय आपण जागोजाग करून ठेवली आहे.

आधी शब्दांचं बघतो, कारण माझा धंदाच तो. दर दोन-चार महिन्यांनी मथळा येतो: इतक्या कोटींचा ई-चलन दंड थकीत. आकडा आता हजारो कोटींच्या घरात गेलाय. असा मथळा माझ्या टेबलावर आला की मी 'थकीत'खाली पेन्सिलीने रेघ मारतो. थकतं ते कर्ज, वीजबिल, घरपट्टी. म्हणजे जे देणं आहे हे ठरलेलं असतं ते. चलन हा पोलिसांनी केलेला आरोप. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली आपण जे भरतो त्याला कायद्याच्या भाषेत तडजोड शुल्क म्हणतात: खटला नको, हे घ्या, मिटवा. दंड ठोठावण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांचा. मी तडजोड केली नाही तर माझ्याकडे काहीही थकत नाही. पोलिसांकडे एक सिद्ध न केलेला आरोप पडून राहतो. पण हा फरक मथळ्यात बसत नाही, आणि आरटीओच्या खिडकीवरही बसत नाही. तिथे गाडी नावावर करायला गेलात की आधी 'पेंडिंग' साफ करून या म्हणतात. मग माणूस बरोबर-चूक सगळं भरून मोकळा होतो.

दुसरी गोष्ट, चलन येतं मालकाला. आमच्या सोसायटीत निम्म्या स्कूटर बायकांच्या नावावर आहेत आणि चालवतात नवरे. म्हणजे सिग्नल तोडतो एक आणि आरोपी होते दुसरीच. गाडी कोण चालवत होतं ते मालकाने विचारल्यावर सांगितलं पाहिजे, असं कलम १३३ म्हणतं. पण ते आधी कोणी विचारतं का?

माझ्या प्रकरणाकडे येतो. पहिली पायरी ॲपवरची तक्रार. आरसी बुकाचा फोटो, स्कूटरचा फोटो, आणि चार ओळींत मजकूर: तुमच्या फोटोत मोटारसायकल आहे, माझी स्कूटर आहे, नंबर वाचण्यात चूक झाली आहे. अकरा दिवसांनी उत्तर आलं. तक्रार फेटाळली. कारणाच्या रकान्यात काही नाही. 'वाहन' या सरकारी नोंदीत प्रत्येक नंबरापुढे गाडीचा प्रकार, कंपनी आणि रंग लिहिलेला असतो. पांढरी स्कूटर आणि काळी मोटारसायकल शेजारी शेजारी ठेवून बघायला कितीसा वेळ लागतो? ते कोणी केलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि ज्यांनी चलन फाडलं त्यांच्याच खात्यात त्याविरुद्धचा अर्ज जातो, हे मला तेव्हा कळलं.

दुसरी पायरी लोकअदालत. तिचा निरोप येतो तो असा की वाचून हातपाय गार पडावेत: अमुक तारखेला हजर राहा, नाहीतर खटला दाखल होईल. गेलो. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, जत्रेसारखी गर्दी. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी माझे कागद न बघता विचारलं, "किती भरताय?" मी म्हटलं, "माझी गाडीच नाही ही." ते समजुतीने म्हणाले, "अहो काका, कमी करून देतो ना. मिटवून टाका."

लोकअदालतीवर माझा राग नाही. १९८७ च्या कायद्याने आलेली ही सोय भाऊबंदकीच्या, बँकेच्या, अपघात भरपाईच्या दाव्यांत खरोखर उपयोगी पडते. पण तिच्या मुळाशी तडजोड आहे, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडायचं. मी नेमकं काय सोडायचं? अडीचशे रुपयांइतकी काळी मोटारसायकल माझी आहे असं म्हणायचं? शिवाय तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही. एकदा सही केली की चूक कायमची बरोबर ठरली.

आणि या घासाघीशीने दुसरंही एक नुकसान होतं. तेलंगणाने मार्च २०२२ मध्ये दुचाकींच्या जुन्या चलनांवर ७५ टक्के सूट दिली, कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० टक्के. दोन्हीकडे रांगा लागल्या, तिजोरी भरली, बातम्या झाल्या. घरपट्टीच्या अभय योजना पाहिलेल्या आपल्या लोकांना हे नवं नाही: वेळेवर भरणारा खुळा ठरतो, थांबणारा शहाणा. पण चलनाच्या बाबतीत त्याहून वाईट होतं. खरंच सिग्नल तोडणाऱ्याला सूट मिळते आणि ज्याने तोडलाच नाही त्याला 'निदान अर्ध्यावर सुटलो' एवढं समाधान. दोघं एकाच रांगेत, एकाच भावात. त्या गर्दीत चूक चलनं कोणती होती हे शोधायचा मार्गच बंद होतो.

मी मिटवलं नाही. वाहतूक शाखेत लेखी अर्ज दिला की मला हे मान्य नाही, प्रकरण कोर्टात पाठवा. तिथल्या हवालदारांनी अर्ज दोनदा वाचला. "कोर्टात? पाचशेला?" पण शिक्का मारून पोच दिली, आणि जाता जाता सांगितलं, "वकील करू नका हो, दोन हजार घेईल." हा मला या सगळ्या काळात मिळालेला सर्वांत प्रामाणिक कायदेशीर सल्ला.

स्वतःचा खटला स्वतः चालवता येतो का, असं मला किमान दहा जणांनी विचारलं, त्यांत दोन पदवीधर. येतो. वकिलाची नेमणूक हा आरोपीचा हक्क आहे, सक्ती नाही. (ज्यांना वकील हवाच आहे त्यांच्यासाठी हेही सांगतो की स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याची तरतूद आहे, उत्पन्न कितीही असो.) टिळकांनी १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीपुढे कित्येक दिवस स्वतःच बाजू मांडली, हे आपण शाळेत अभिमानाने शिकतो, आणि थांबारेषेच्या चलनाला मात्र आपल्याला वकील लागतो असं वाटतं. टिळक स्वतः कायदा शिकलेले होते हे मान्य. पण मलाही कोणाला स्वराज्य मागायचं नव्हतं. तीन आणि आठ वेगळे आहेत, इतकंच सिद्ध करायचं होतं.

समन्स आलं पाचव्या महिन्यात. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांच्या आत घ्यायला हवी, अशी मुदत फौजदारी प्रक्रियेत आहे. पूर्वी ती कलम ४६८ मध्ये होती, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत ५१४ मध्ये. दोन-दोन, तीन-तीन वर्षं जुन्या पाचशेच्या चलनांसाठी ज्यांना निरोप येतात त्यांनी हे कलम माहीत करून घ्यावं. मोबाइलवर येणाऱ्या निरोपात ते लिहिलेलं नसतं.

पहिल्या तारखेला माझं प्रकरण बोर्डावरच नव्हतं. कारकून म्हणाले, "पुढच्या महिन्यात या." दुसऱ्या तारखेला पुकारा झाला. 'आरोपी' या शब्दापुढे आपलं नाव मोठ्याने ऐकणं कसं असतं ते सांगून कळणार नाही. मी उगाचच शर्टाचं वरचं बटण लावलं. मॅजिस्ट्रेट मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "वकील?" म्हटलं, "मीच." "गुन्हा कबूल आहे?" "नाही, मॅडम." त्यांनी मान वर करून पाहिलं. माझ्या आधी एका तासात तेहतीस जणांचा पुकारा झाला होता (मोजायची सवय जात नाही) आणि तेहतीसही जणांनी 'कबूल' म्हटलं होतं. एकानेही फोटो मागितला नव्हता. पोलिसांकडचे कागद त्या दिवशी आलेच नव्हते, म्हणून मला पुढची तारीख मिळाली.

बाहेर बाकावर एक टेम्पोवाला भेटला, कांद्याचं भाडं मारणारा. अकरा चलनं. त्याने सगळी कबूल केली होती. मी विचारलं, अकराही तुझीच? तो म्हणाला, "नाही काका, दोन माझी नाहीत. त्या दिवशी गाडी गॅरेजला होती. पण नऊ तर आहेत ना. दोनसाठी परत यायचं म्हणजे एक खेप बुडते." मग हिशेबच सांगितला: खेपेचे इतके, डिझेल इतकं, हमाली इतकी. हिशेबात कुठेही चूक नव्हती. त्याच्या जागी मी असतो तर मीही अकरा कबूल केली असती.

या बाकावर सगळा प्रश्न बसलेला आहे. 'नाही' म्हणायचा हक्क त्यालाही आहे आणि मलाही. फरक एवढाच की प्रुफं मी रात्री जागून वाचू शकतो. त्याची खेप रात्रीवर ढकलता येत नाही. म्हणजे ज्याचा दिवस स्वस्त आहे त्यालाच खरं बोलणं परवडतं.

तिसऱ्या तारखेला चार मिनिटं लागली. फोटोची प्रिंट आली, मी आरसी पुढे केली. मॅडमनी दोन्ही शेजारी धरले आणि सरकारी वकिलांकडे बघून म्हणाल्या, "ही स्कूटर आहे का?" सरकारी वकील हसले. हवालदारांचं म्हणणं दोन ओळींत नोंदवलं गेलं आणि मी निर्दोष सुटलो. खर्चाचा हिशेब ठेवला होता: रिक्षा, झेरॉक्स, अर्जाचे कागद, चहा मिळून सहाशे चाळीस रुपये आणि तीन अर्धे दिवस. घरी गेल्यावर मुलाने विचारलं, "काय मिळवलंत?" उत्तर मला तिथल्या तिथे सुचलं नाही.

आता विरुद्ध बाजूचं. मी कॅमेऱ्यांच्या विरोधात नाही, कॅमेरे हवेतच. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली पंधरा हजारांहून जास्त आपल्या राज्यात, आणि अपघातांचं सर्वांत मोठं कारण अतिवेग. कॅमेरा चिरीमिरी घेत नाही, नगरसेवकाचा फोन उचलत नाही, 'जाऊ द्या ना साहेब' ऐकत नाही. बहुतेक चलनं बरोबरच असणार. पण 'बहुतेक' हा शब्द प्रुफाला चालत नाही. पुस्तकात बहुतेक आकडे बरोबर आहेत म्हणून मी ते छपाईला सोडत नाही.

आणि कायदा करणाऱ्यांनाही हे समजलेलं होतं, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. त्यात काय नाही? रस्त्यावरच्या प्रत्येक उपकरणाला राज्याच्या प्राधिकाऱ्याचं मंजुरीपत्र हवं आणि त्याचं दर वर्षी नूतनीकरण हवं. कॅमेरा आहे असा फलक चालकाला आधी दिसला पाहिजे. नोटीस घटनेपासून पंधरा दिवसांत गेली पाहिजे. फोटोत गुन्हा आणि नंबर दोन्ही दिसले पाहिजेत, वेग मोजला असेल तर मोजमाप, तारीख, वेळ, जागा, कोणतं कलम मोडलं ते, आणि वर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. हे लागू करायला देशातल्या १३२ शहरांची यादी केली, त्यांत महाराष्ट्राची १९, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. एवढा तपशीलवार नियम मी क्वचितच वाचलाय. पण यातलं एक तरी प्रमाणपत्र तुम्हाला कधी पाहायला मिळालं? मिळणार कसं? ते मागायची जागा कोर्ट, आणि कोर्टात तेहतीसपैकी तेहतीस जण कबूल.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचंच घ्या. २०२४ च्या जुलैपासून तिथे कॅमेऱ्यांची यंत्रणा चालू आहे. सपाटीला मोटारींना ताशी १०० ची मर्यादा, घाटात त्याहून बरीच कमी. ही मर्यादा बदलते तिथे फलक कुठे आहे, उतारावर जड गाडीला तो दिसून वेग कमी करायला किती अंतर मिळतं, यंत्राचं वर्षाचं प्रमाणपत्र ताजं आहे का, हे प्रश्न ट्रकवाले ढाब्यावर एकमेकांना विचारतात. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध संप केला, तेव्हा हेच विचारत होते. त्याच सुमारास पोलिसांच्या वाहतूक विभागाने सांगितलं की अंमलदारांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून चलनं करू नयेत. बरं झालं. पण अशा फोटोंवर आधी फाटलेल्या चलनांचं काय? ती भरली गेली, किंवा लोकअदालतीत निम्म्यावर मिटली. रस्ता अडवल्यावर जे बदललं ते कोर्टात दहा जणांनी 'फोटो कोणत्या उपकरणाने काढला?' असं विचारलं असतं तरी बदललं असतं, आणि भाजीचे भाव चढले नसते.

पोलिसांचं आणि कोर्टाचं म्हणणं मी ऐकलंय: सगळेच भांडायला लागले तर? खालच्या कोर्टांत चार कोटींहून जास्त खटले पडून आहेत, त्यांत थांबारेषांची भर कशाला? मुद्दा खरा आहे. पण ज्याने सिग्नल तोडलाय आणि फोटोत दिसतोय तो सहसा भांडायला येत नाही, मीही चार वेळा गेलो नव्हतो. भांडतो तो ज्याचं काही म्हणणं आहे. त्याच्यासाठी दिवसाची फेरी, तीन तारखा आणि पुकारा लागतो, म्हणून कोर्टाचाही वेळ जातो. माझ्या प्रकरणात न्यायाला लागली चार मिनिटं. बाकीचे सहा महिने यंत्रणेने तिच्या सोयीने वापरले.

माझा भाचा कॅलिफोर्नियात सनीव्हेलला असतो. झाडामागे दडलेल्या पाटीवरून त्याला एकदा वेगाचं तिकीट मिळालं. तिथे एक सोय आहे: कोर्टात जायचंच नाही. दंडाइतकी रक्कम अनामत ठेवायची, ठरलेल्या फॉर्मवर आपलं म्हणणं लिहून पाठवायचं, फोटो जोडायचे. पोलीस अधिकारीही आपली बाजू लेखीच देतो. न्यायाधीश दोन्ही वाचून निर्णय देतात. विरुद्ध गेला तर वीस दिवसांत प्रत्यक्ष खटला नव्याने मागता येतो. भाचा हरला, आणि पुढे गेला नाही. पण हरायला त्याला एक दिवसाचीही रजा टाकावी लागली नाही. टेम्पोवाल्याला हे मिळालं असतं तर ती दोन चलनं त्याने गॅरेजच्या पावतीसकट रात्री जेवण झाल्यावर लिहून काढली असती.

आपल्याकडे यातलं अर्धं आधीच उभं आहे. नागपूरला २०२० मध्ये वाहतूक चलनांसाठी आभासी कोर्ट सुरू झालं. पण ते कबुलीसाठी सोयीचं: मान्य असेल तर घरबसल्या भरा, अमान्य असेल तर प्रकरण नेहमीच्या कोर्टात. हो म्हणायला मोबाइल पुरतो आणि नाही म्हणायला एसटी लागते. हे उलटवायला नवा कायदाही लागेल असं मला वाटत नाही. लेखी म्हणणं घ्या, पाच मिनिटांची सुनावणी व्हिडिओवर घ्या, ती संध्याकाळी सातनंतर घ्या. निरोपातच फोटो, कलम आणि उपकरणाच्या प्रमाणपत्राची तारीख द्या, आणि तेही मराठीत. खालच्या कोर्टाची भाषा मराठी आहे, मग आरोप इंग्रजीत का? ॲपवरची तक्रार ज्याने चलन केलं त्याच्याच हाताखाली पाठवू नका, आणि फेटाळलीत तर एक ओळ कारण लिहा. कोर्टाकडे येणाऱ्यांत निम्मे तिथेच कमी होतील. प्रकरण कोर्टात पाठवा असं सांगितल्यावर आरटीओतली गाडीची कामं अडवणं बंद करा. आरोप सिद्ध होईपर्यंत ते देणं नाही.

शेवटचं मागणं माझ्या धंद्यातलं. पुस्तकात चुका राहिल्या की प्रकाशक शुद्धिपत्र छापतो. पान अमुक, ओळ अमुक, अशुद्ध तमुक, शुद्ध तमुक. चांगल्या प्रकाशकाला त्याची लाज वाटत नाही. ज्यांच्या पुस्तकात शुद्धिपत्र कधीच नसतं त्यांच्याबद्दल मला जास्त शंका येते. वाहतूक विभाग दर वर्षी किती चलनं केली आणि किती वसूल झाले ते सांगतो. त्यांतली चूक म्हणून किती रद्द झाली, कोणत्या चौकातली, कोणत्या कॅमेऱ्याची, हेही सांगा. माझी चूक कोणत्या कॅमेऱ्याने केली ते मला माहीत आहे, कोर्टाला माहीत आहे. कॅमेरा चालवणाऱ्याला माहीत आहे का? सुटल्यावर मी हवालदारांना तेच विचारलं. हा निकाल आता कंट्रोल रूमला जाणार का, तीन आणि आठचं कोणी बघणार का? ते फाइल बगलेत मारून निघाले होते. म्हणाले, "तुमचं झालं ना काका? मग सोडा की."

मागच्या महिन्यात ती काळी मोटारसायकल मला त्याच सिग्नलला दिसली. वाघ आहे, पोरगा आहे, प्लेटही तीच, उघड्या आठाची. सरकारी नवी नंबरप्लेट त्याने अजून बसवलेली नाही. त्याला सांगावं असं वाटलं, पण सिग्नल सुटला. निकालाची नक्कल मी स्कूटरच्या डिकीत ठेवली आहे, पीयूसीच्या शेजारी.